गॉर्डन ऑलपोर्ट : पूर्वग्रहाची मुळे शोधणारे मानसशास्त्रज्ञ

आपल्याकडे अनोळखी माणसाची ओळख होते तेव्हा प्रथम नाव विचारले जाते. केवळ नावाने समाधान होत नाही, म्हणून आडनाव विचारले जाते. आडनावावरूनही काही उलगडले नाही तर गाव, आणि गाव सांगूनही पुरेसे कळले नाही तर गावात घर कोणत्या बाजूला, अशी चौकशी पुढे सरकते. विचारणारा मनुष्य दुष्ट असतो असे नाही. पुष्कळदा तो सुशिक्षित, सभ्य आणि पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय न सोडणारा असतो. तरीही उत्तर मिळताक्षणी समोरच्या माणसाविषयीचा एक निकाल त्याच्या मनात तयार होतो. आणि ज्याच्याविषयी तो निकाल असतो, त्याला अद्याप दोन वाक्ये बोलण्याचीही संधी मिळालेली नसते.

हा निकाल मनात येतो कोठून, पुरावा समोर आला तरी तो बदलत का नाही, आणि तो बदलावयाचा असेल तर काय करावे लागते, या प्रश्नांचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्यांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन विलार्ड ऑलपोर्ट यांचे नाव अग्रभागी आहे. अध्यापक विद्यालयांतून शिकलेल्या आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात त्यांचे नाव वाचलेले असेल. परंतु त्यांच्या आयुष्याचा जो भाग आपणा सर्वांना अधिक जवळचा वाटावा, तो पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो. म्हणून हा अल्प परिचय.

बालपण आणि शिक्षण

ऑलपोर्ट यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८९७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात माँटेझुमा या लहानशा गावी झाला. चार भावांत ते सर्वांत धाकटे. वडील जॉन ऑलपोर्ट हे डॉक्टर, तर आई नेली या शिक्षिका होत्या. त्या काळी तेथे पुरेशी रुग्णालये नव्हती. त्यामुळे डॉक्टरांचे राहते घरच रुग्णालय बनले होते. रुग्ण आणि परिचारिका यांच्या वावरातच मुले वाढली. औषधाच्या बाटल्या धुणे, आलेल्या रुग्णांशी बोलणे अशी कामे लहानपणापासून त्यांच्या वाट्याला आली. दुखणे घेऊन आलेला मनुष्य कोण, कोठला, याची चौकशी उपचारानंतर करावयाची असते, हा संस्कार त्या घरात शब्दांनी शिकवावा लागला नसेल.

पुढे हे कुटुंब ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरी आले. गॉर्डन अभ्यासात पुढे होते, पण मैदानावर फारसे रमत नसत. त्यांच्या पुस्तकी बोलण्यामुळे शब्दकोश गिळलेला मुलगा म्हणून त्यांची थट्टा होई. ही थट्टा शाळकरी होती; वंशाच्या किंवा जातीच्या नावाने होणाऱ्या अवहेलनेशी तिची तुलना करता येणार नाही. गौरवर्णीय, सुस्थित, ख्रिस्ती घरात जन्मलेल्या या मुलाने भेदभावाचे चटके स्वतः सोसले नव्हते. जे त्यांनी सोसले नव्हते त्याचाच अभ्यास त्यांनी पुढे आयुष्यभर केला, यात त्यांचे मोठेपण आहे.

शालेय वयात त्यांनी स्वतःचा एक लहानसा छापखाना चालविला आणि शाळेच्या वार्तापत्राचे संपादनही केले. त्या काळच्या मोठ्या छापखान्यांत सुटे खिळे जुळवून पान तयार झाले की त्यावरून धातूचा एक अखंड ठसा ओतून घेतला जाई. त्या ठशावरून हव्या तितक्या प्रती निघत. मात्र त्यातील एक अक्षरही मागेपुढे करता येत नसे. या ठशाला स्टिरिओटाइप म्हणत. १९२२ मध्ये अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी हाच शब्द माणसांविषयीच्या ठरीव कल्पनांसाठी योजिला आणि तेव्हापासून तो समाजशास्त्रात रूढ झाला. मराठीत आपण साचेबद्ध प्रतिमा असे म्हणतो. एकदा ओतलेला ठसा जसा प्रत्येक कागदावर तेच उमटवितो, तशी साचेबद्ध प्रतिमा प्रत्येक माणसावर तोच शिक्का मारते.

१९१५ मध्ये थोरले बंधू फ्लॉइड यांच्या पावलावर पाऊल टाकून गॉर्डन हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. आपल्या वाचकांना येथे एक योगायोग नोंदवावासा वाटेल. त्याच वेळी, काही तासांच्या रेल्वेप्रवासावरील न्यूयॉर्क शहरात, कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. दोघांची भेट झाल्याचे कोठे नमूद नाही. पण मनुष्य मनुष्याला दूर का लोटतो, हा प्रश्न दोघांच्याही जीवनकार्याच्या केंद्रस्थानी राहिला.

हार्वर्डमधील पहिल्याच परीक्षेत गॉर्डन यांना अगदी खालच्या श्रेणी मिळाल्या. खेड्याशहरांतून आलेल्या हुशार मुलाला मोठ्या विद्यापीठात जो धक्का बसतो, तो त्यांनाही बसला. त्यांनी अभ्यास वाढविला आणि वर्षअखेरीस उत्तम श्रेणी मिळविली. याच काळात ते बोस्टन शहरातील गरीब वस्तीत मुलांचे मंडळ चालवीत, गरजू कुटुंबांना भेटी देत आणि परदेशी विद्यार्थ्यांना साहाय्य करीत. १९१९ मध्ये पदवी घेतल्यावर एक वर्ष त्यांनी इस्तंबूल येथील रॉबर्ट महाविद्यालयात अध्यापन केले.

व्हिएन्नातील एक भेट

इस्तंबूलहून परतताना, १९२० मध्ये, ऑलपोर्ट आपल्या भावाकडे व्हिएन्नाला थांबले. तेथे त्यांनी जगप्रसिद्ध मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांची भेट मागितली आणि ती मिळालीही. त्या वेळी ऑलपोर्ट अवघे २२ वर्षांचे होते. आत गेल्यावर फ्रॉइड काहीच बोलेनात. शांतता असह्य झाली तेव्हा तरुण ऑलपोर्ट यांनी सहज वाटेतील एक प्रसंग सांगितला. ट्राममध्ये चार वर्षांचा एक मुलगा होता; त्याला घाणीची इतकी भीती वाटत होती की तो कोठे बसावयास तयार नव्हता. त्याची आई मात्र अगदी टापटिपीची आणि करारी दिसत होती. प्रसंग ऐकून झाल्यावर फ्रॉइड यांनी सहानुभूतीने विचारले की, तो लहान मुलगा म्हणजे आपणच काय?

ऑलपोर्ट चकित झाले. ते केवळ कुतूहलापोटी आणि काहीशा तरुण धिटाईने भेटीला आले होते. परंतु मनोरुग्णांच्या कथांत छुपे अर्थ शोधण्याची सवय झालेल्या त्या थोर वैद्याला समोरचा पाहुणाही रुग्णच भासला. ही आठवण ऑलपोर्ट आयुष्यभर सांगत राहिले. माणसाच्या अंतरंगात खोल बुडी मारण्यापूर्वी त्यालाच सरळ विचारून पाहावे, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. आपणही त्यातून आणखी एक धडा घेऊ शकतो. साच्यातून पाहण्याची सवय अडाण्यालाच असते असे नाही. असामान्य बुद्धिमंतही अनुभवाच्या साच्यात नव्या माणसाला बसवितात आणि तसे करताना आपण काही चुकीचे करीत आहोत हे त्यांच्या ध्यानीही येत नाही.

१९२२ मध्ये हार्वर्ड येथे डॉक्टरेट मिळवून ऑलपोर्ट दोन वर्षे जर्मनी व इंग्लंड येथे शिकले. १९२४ पासून हार्वर्डमध्ये, मग काही वर्षे डार्टमथ महाविद्यालयात आणि १९३० पासून अखेरपर्यंत पुन्हा हार्वर्डमध्ये त्यांनी अध्यापन केले. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासाला मानसशास्त्रात मानाचे स्थान मिळवून दिले. प्रत्येक व्यक्ती अनन्य आहे, तिला सरासरीत विरघळवू नये, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. पूर्वग्रहाविरुद्धचे त्यांचे कार्य याच गाभ्यातून उगवले. कारण पूर्वग्रह सर्वप्रथम हिरावून घेतो ते माणसाचे एकटे, स्वतंत्र असे माणूसपण.

वस्तरा कोणाच्या हातात?

ज्या जर्मनीत ऑलपोर्ट शिकले, त्याच जर्मनीत १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून हाकलण्यात आले. देश सोडून आलेल्या अनेक विद्वानांना अमेरिकेत काम मिळवून देण्यासाठी ऑलपोर्ट यांनी मनापासून खटपट केली. १९३९ मध्ये ते अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. ज्या देशाचे तत्त्वज्ञान आणि संगीत जगाने डोक्यावर घेतले तेथे शेजाऱ्याने शेजाऱ्याचा द्वेष करावा, याचे कोडे त्यांना स्वस्थ बसू देईना.

युद्धकाळात अमेरिकेत अफवांना ऊत आला होता. ऑलपोर्ट आणि त्यांचे सहकारी लिओ पोस्टमन यांनी अफवा कशा पसरतात याचे प्रयोग केले. १९४७ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील एका चित्रात भुयारी रेल्वेच्या डब्यातील दृश्य होते. डब्यात काही प्रवासी बसले आहेत. एक कृष्णवर्णीय आणि एक गौरवर्णीय पुरुष समोरासमोर उभे आहेत. गौरवर्णीयाच्या हातात वस्तरा आहे. चित्र पाहिलेल्याने त्याचे वर्णन दुसऱ्याला सांगावयाचे, दुसऱ्याने चित्र न पाहता तिसऱ्याला, असे सहा-सात जणांपर्यंत जावयाचे. निम्म्याहून अधिक वेळा या साखळीत कोठे ना कोठे वस्तरा गौरवर्णीयाच्या हातातून निघून कृष्णवर्णीयाच्या हातात गेला.

कोणी जाणूनबुजून खोटे सांगितले असे नव्हते. सांगणाऱ्यांच्या मनात वैर असलेच पाहिजे असेही नाही, असे ऑलपोर्ट यांनी आवर्जून नोंदविले. लहानपणापासून कानांवर पडलेल्या कल्पनेने स्मरणशक्तीलाच वळण लावले होते. आज ज्याला अबोध पूर्वग्रह म्हणतात, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. आपल्या वस्तीत एखादी चोरी झाली की पहिला संशय कोणत्या पालांकडे, कोणत्या समाजाकडे वळतो, हे आठवून पाहिले तर वस्तरा आपल्याही तोंडून हात बदलत असतो, हे मान्य करावे लागेल.

याच सुमारास शहरांत वांशिक तणाव वाढल्याने पोलीस अधिकाऱ्यांसाठी ऑलपोर्ट यांनी आठ तासांचा एक अभ्यासवर्ग घेतला. अधिकारी नाइलाजाने आले होते. आरंभी त्यांनी शिकविणाऱ्यावरच तोंडसुख घेतले, अल्पसंख्याकांविषयीच्या तक्रारींचा पाढा वाचला. ऑलपोर्ट यांनी वाद घातला नाही. ते ऐकत राहिले. मनातील सारे ओकून झाल्यावर हळूहळू त्याच अधिकाऱ्यांना आपल्या बोलण्यातील अतिशयोक्ती जाणवू लागली. उपदेशाने जे साधत नाही ते कधी कधी शांतपणे ऐकण्याने साधते, हा अनुभव त्यांनी पुढे लिहून ठेवला.

१९५४ चा ग्रंथ

या साऱ्या अभ्यासाचे फळ म्हणजे पूर्वग्रहाच्या स्वरूपावरील त्यांचा ग्रंथ. तो १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १७ मे रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत वर्णानुसार वेगळे बसविणे घटनाबाह्य ठरविले. त्या खटल्यात न्यायालयापुढे ठेवलेल्या समाजशास्त्रज्ञांच्या निवेदनावर ऑलपोर्ट यांचीही स्वाक्षरी होती.

ग्रंथाचा पहिला विचार असा की, वर्गीकरण केल्यावाचून मनाचे चालत नाही. शेतकरी आभाळ पाहून पावसाचा अंदाज बांधतो, गृहिणी देठ पाहून वांगे निवडते. असा पूर्वअंदाज चूक ठरला की तो आपण सोडून देतो. पूर्वग्रह तेथे सुरू होतो जेथे पुरावा समोर आला तरी अंदाज सुटत नाही. उलट मनुष्य पुराव्यालाच बाजूला सारतो. अमुक समाजाचे लोक अभ्यासात कच्चे, असे मानणाऱ्यासमोर त्या समाजातील विद्वान उभा राहिला, तर तो मत बदलत नाही. हा अपवाद आहे असे म्हणतो आणि कुंपण पुन्हा बंद करून घेतो. तुम्ही त्यांच्यापैकी वाटत नाही, असे कौतुकाने सांगितले जाते तेव्हा हेच कुंपण बंद होत असते. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी हे कौतुक कार्यालयांत ऐकलेले आहे आणि त्याचे काय करावे हे त्यांना सुचलेले नाही.

पूर्वग्रह केवळ मनात राहत नाही, तर कृतीत उतरतो, हे दाखविण्यासाठी ऑलपोर्ट यांनी ग्रंथाच्या आरंभीच कॅनडातील एक पाहणी दिली आहे. उन्हाळी सुटीतील सुमारे १०० निवासस्थानांना एकाच वेळी दोन पत्रे पाठविण्यात आली. मजकूर सारखाच, तारखा त्याच. सही मात्र एका पत्रावर लॉकवूड या आडनावाची, तर दुसऱ्यावर ग्रीनबर्ग या ज्यू वाटणाऱ्या आडनावाची. लॉकवूड यांना ९३ टक्के ठिकाणी जागा देऊ केली गेली. ग्रीनबर्ग यांना केवळ ३६ टक्के ठिकाणी. पत्र उघडणाऱ्याने दोघांपैकी कोणालाच पाहिलेले नव्हते.

आपल्या देशात अशाच प्रकारचा अभ्यास अर्ध्या शतकानंतर डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविण्यात आले. पात्रता तुल्य, फरक आडनावाचा. दलित आडनावाच्या उमेदवाराला पुढील फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तितक्याच पात्र उमेदवाराच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळली. मुलाखतीपर्यंत न पोहोचलेल्या त्या उमेदवाराला आपले काय चुकले, हे कधीच कळत नाही. तो आपल्या गुणपत्रिकेतच दोष शोधत राहतो.

द्वेष पायरीपायरीने चढतो, असेही ऑलपोर्ट यांनी दाखविले. प्रथम आपापसांतील टिंगल आणि वाईट बोलणे, मग टाळणे, मग संधी नाकारणे, मग मारहाण आणि अखेरीस संहार. प्रत्येक वेळी शेवटची पायरी गाठली जातेच असे नाही. परंतु शेवटच्या पायरीवर पोहोचलेला समाज पहिल्या पायरीवरूनच गेलेला असतो. म्हणून ओसरीवरचा विनोद निरुपद्रवी मानू नये.

ज्यांना अवहेलना सोसावी लागते त्यांच्या मनाचाही त्यांनी विचार केला. काही जण दोष स्वतःकडे घेतात. आपली ओळख लपवितात, स्वजनांपासून अंग चोरतात. आडनाव बदलून शहरात भाड्याची खोली शोधणारे लोक आपल्याही परिचयात आहेत, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. काही जण मात्र दोष जेथे आहे तेथेच ठेवतात आणि दुप्पट जिद्दीने उभे राहतात. याहून महत्त्वाचे निरीक्षण असे की, अन्याय सोसल्याने मनुष्य आपोआप पूर्वग्रहमुक्त होत नाही. काहींच्या मनात इतर पीडितांविषयी अपार कणव निर्माण होते. काही आपल्याहून दुर्बल असलेल्यावर तोच अन्याय उलटवितात. कोणती वाट धरावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

केवळ एकत्र येणे पुरेसे नाही

मग उपाय कोणता? लोक एकमेकांना भेटले, एकत्र आले की गैरसमज दूर होतील, असे सामान्यतः मानले जाते. ऑलपोर्ट यांनी ही समजूत तपासली आणि ती अपुरी असल्याचे दाखविले. मालक आणि नोकर रोजच भेटतात. तेवढ्याने पूर्वग्रह जात नाही, उलट घट्ट होतो. सहवास उपयोगी पडावयाचा असेल तर चार गोष्टी लागतात : दोन्ही गटांचा दर्जा त्या ठिकाणी समान असावा, उद्दिष्ट एक असावे, ते गाठण्यासाठी परस्परांच्या सहकार्याची गरज पडावी, आणि या सहवासाला कायद्याचा, रूढीचा किंवा प्रमुखांचा स्पष्ट पाठिंबा असावा.

यासाठी त्यांनी दिलेल्या पुराव्यांपैकी एक दुसऱ्या महायुद्धातील आहे. अमेरिकन सैन्यात तोवर कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या असत. युद्धाच्या अखेरीस काही पायदळी तुकड्या गौरवर्णीयांच्या पलटणींना जोडण्यात आल्या. ज्यांनी असा सहवास अनुभवला नव्हता अशा गौरवर्णीय सैनिकांपैकी ६२ टक्क्यांना ही कल्पना अत्यंत नापसंत होती. ज्यांनी प्रत्यक्ष खांद्याला खांदा लावून लढाई केली होती, त्यांच्यात हे प्रमाण अवघे ७ टक्के होते. न्यूयॉर्कमधील सार्वजनिक गृहवसाहतींत शेजारी राहणाऱ्या गृहिणींविषयीही असेच आढळले. वेगवेगळ्या इमारतींत राहणाऱ्यांपेक्षा एकाच जिन्यावर राहणाऱ्यांची मने अधिक निवळली.

या चार अटींचे महत्त्व आपल्याला परदेशी उदाहरणांशिवायही समजते. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. परदेशी विद्यापीठातील उच्च शिक्षण घेतलेला हा अधिकारी एकाच कार्यालयात इतरांसमवेत बसत होता. म्हणजे सहवास होताच. परंतु शिपाई कागदपत्रे दुरून फेकीत, पाणी मिळत नसे, राहण्यास घर मिळाले नाही आणि ज्या पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. पद होते, पण समान दर्जा कोणी मान्य केला नव्हता. महाराजांची सदिच्छा होती, पण कार्यालयाच्या दालनापर्यंत तिचा आधार पोहोचला नव्हता.

याउलट १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात विविध जातींची मुले एकत्र राहत, एकत्र काम करीत आणि एका पंक्तीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ऑलपोर्ट यांनी पुस्तकात मांडलेल्या चारही अटी साताऱ्याच्या त्या वसतिगृहात ३० वर्षे आधीच पाळल्या जात होत्या.

कायद्याने मने बदलत नाहीत, हा आक्षेप ऑलपोर्ट यांच्या काळीही घेतला जाई. कायदा मनावर हुकूम चालवू शकत नाही, हे त्यांना मान्य होते. पण तो वर्तन बदलतो, आणि बदललेल्या वर्तनामागून मनही हळूहळू चालू लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, त्याचे मोल या दृष्टीने जाणावे. १९५६ मध्ये ऑलपोर्ट काही महिने दक्षिण आफ्रिकेतील नाताळ विद्यापीठात होते. ज्या नाताळ प्रांतात १८९३ मध्ये गांधीजींना रेल्वेच्या डब्यातून उतरविण्यात आले होते, तेथे वर्णभेद आता शासनाचे अधिकृत धोरण झाला होता. कायदाच विषमतेच्या बाजूने उभा राहिला तर सज्जनांची सदिच्छा किती दुबळी पडते, हे तेथे उघड दिसत होते.

अखेरची वर्षे

१९६३ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय प्रतिष्ठानाचे सुवर्णपदक ऑलपोर्ट यांना मिळाले. परंतु त्याच वर्षी त्यांच्या ५५ माजी संशोधक विद्यार्थ्यांनी आपापल्या लेखनाचे दोन बांधीव खंड त्यांना भेट दिले; आमच्या वेगळेपणाचा आपण मान राखलात, याबद्दलची कृतज्ञता त्यात व्यक्त केली होती. सर्व सन्मानांत हा सन्मान त्यांना सर्वांत मोलाचा वाटला. शिक्षकाच्या आयुष्याची याहून मोठी कमाई ती कोणती? ९ ऑक्टोबर १९६७ रोजी, वयाची ७० वर्षे पूर्ण होण्यास महिना उरला असता, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विचारांची तपासणी पुढेही होत राहिली. त्यांचे शिष्य थॉमस पेटिग्रू यांनी लिंडा ट्रॉप यांच्यासह ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध केला. सहवासाने पूर्वग्रह सामान्यतः घटतो आणि ऑलपोर्ट यांनी सांगितलेल्या अटी पाळल्या तर तो अधिक घटतो, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आपल्या शाळेसाठी

हे चरित्र आपल्या स्मरणिकेत का, याचे उत्तर आता फारसे दूर नाही. निवासी शाळा म्हणजे सहवासच. मुले एका खोलीत निजतात, एका पंक्तीत जेवतात, एकाच नळावर रांग लावतात. परंतु ऑलपोर्ट यांचे म्हणणे मान्य केले तर एवढ्याने आपले काम संपत नाही. पंक्तीत सर्वांना समान वाढले जाते काय? स्वयंपाकघराची व स्वच्छतागृहाची पाळी सर्वांना सारखी येते काय? भटक्या समाजातून आलेले मूल, वेगळी बोली बोलणारे आदिवासी मूल, वर्गात उशिरा उत्तर देणारी मुलगी यांच्याविषयी शिक्षकांच्या मनात पहिल्याच आठवड्यात कोणता ठसा ओतला जातो?

उत्तर प्रदेशातील खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलांना कोडी सोडवावयास दिली होती. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दलित मुले आणि उच्चवर्णीय मुले जवळजवळ सारखीच कोडी सोडवीत होती. सर्वांसमक्ष नाव, गाव व जात वाचून दाखविल्यावर त्याच वयाच्या दलित मुलांची कामगिरी लक्षणीयरीत्या खालावली. बुद्धी तीच, कोडी तीच. मध्ये फक्त एक यादी मोठ्याने वाचली गेली. शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचून दाखविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा प्रयोग लक्षात ठेवावा. यादी कार्यालयाच्या फळ्यावर न लावता मुलाला एकट्याला बोलावून सांगता येते; त्याला खर्च काहीच येत नाही.

पालक आणि माजी विद्यार्थी यांच्यापुढेही एक काम आहे. आपण अन्याय सोसला, हे खरे. पण आता आपल्यापैकी अनेकांच्या हाती अर्ज उघडण्याचे, घर भाड्याने देण्याचे, स्थळ पाहण्याचे आणि मुलाखत घेण्याचे अधिकार आले आहेत. समोर आलेल्या कागदावरील आडनाव वाचून आपल्याही मनात एक निकाल तयार होतो. तो क्षणभर थोपवून धरावा आणि ज्याच्याविषयी निकाल आहे त्याला आधी बोलू द्यावे. गॉर्डन ऑलपोर्ट यांचे स्मरण आपल्या घरी आणि कचेरीत याच रीतीने होऊ शकेल.